तुझी उजवी बाजू

मिलिंद,

तुझा सरळ उभा असलेला एकही फोटो आपल्या घरात नाही. तू गेलास त्या संध्याकाळीच हे लक्षात आलं, कारण अंत्यविधीची व्यवस्था बघायला आलेल्या माणसाला मोठा करून लावायला फोटो हवा होता. मैत्रेयीने तिचा फोन काढला, मी माझा काढला आणि आम्ही मायलेकी सोफ्यावर बसून तुला शोधत राहिलो. बुद्धपौर्णिमेच्या जेवणात तू तिरका. मैत्रेयीच्या पदवीदानात तिरका. नागपूरला तुझ्या भाच्याच्या लग्नात तर नवरा-नवरी कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तू मांडवाच्या दाराकडे. सगळीकडे डावा खांदा पुढे, उजवी बाजू मागे आणि उजवं कोपर कमरेला चिकटलेलं. तो माणूस बिचारा बराच वेळ थांबला आणि मग हळूच म्हणाला, "मॅडम, फ्रंट फेसिंग हॅव ऑर नॉट?"

शेवटी इथे सिंगापूरला आल्यावर आंग मो किओच्या कारखान्यात होतास तेव्हाच्या ओळखपत्राचा फोटो सापडला. त्यात तुला मिशी आहे. खाली व्हॉइड डेकवर, आपल्याच इमारतीच्या त्या मोकळ्या तळमजल्यावर तुला ठेवलं होतं, तर शेजारची मिसेस तान येऊन फोटोकडे बघत राहिली आणि मला विचारते, हा तुझा दीर का? मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायचा कंटाळा आला होता.

मला रडू येत नाहीये, हे आधीच सांगते. दात काढण्यापूर्वी डॉक्टर सुई टोचतात आणि मग अर्धं तोंड आपलं राहत नाही, तसं सगळंच झालंय. लोक येतात, मी चहा करते, ते रडतात, मी टिश्यूचा डबा पुढे सरकवते. काल तुझ्या गणवेशाचे शर्ट इस्त्री केले आणि कपाटात लावताना आठवलं की ते तर परत द्यायचेत. परत द्यायचे म्हणून इस्त्री हवीच, असं स्वतःला समजावलं आणि कॉलर पुन्हा एकदा दाबून घेतली. तू दुपारी जेवून आडवा झालास आणि उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मला लिहायचंय ते तुझ्या त्या तिरकेपणाबद्दल, कारण आपलं त्यावरचं भांडण अर्धवट राहिलंय आणि अर्धवट भांडण सोडून जायची तुझी सवय मला मुळीच आवडलेली नाही.

तू जन्मजात शांत होतास असं इथे सगळ्यांना वाटतं. खाली जमलेल्यांपैकी निम्म्यांनी मला तेच सांगितलं. किती शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. मी मान हलवत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर नागपूरच्या सीताबर्डीचा चौक होता. आपलं लग्न नुकतंच झालेलं. ऑटोवाल्याने तुझ्या स्कूटरला घासून गाडी काढली. तू त्याला पुढच्या सिग्नलला गाठलंस, "काय बे, डोळे घरी ठेवून आला का?" म्हणून ओरडलास, त्याच्या ऑटोची किल्ली उपटून खिशात घातलीस आणि आपण थेट घरी आलो. जेवताना तुझ्या खिशातून ती किल्ली पडली. मग तुझे बाबा हातातला घास टाकून ती परत द्यायला चौकात गेले आणि त्या माणसाला चहा पाजून आले. मी नवी नवरी. मला वाटलं, अरे देवा, मी कुणाच्या घरात आले! आपल्याकडे देव नाही हे त्या क्षणी आठवलं नाही.

सिंगापूरला आल्यावरही तू तोच होतास. टॅक्सीवाल्याशी भांडण, बसच्या रांगेत भांडण, एकदा तर लिफ्टच्या दाराशी भांडण. मग कारखान्याने तुमचा विभाग बंद केला. तेव्हा मैत्रेयी शाळेत होती आणि तू चाळिशी ओलांडलेली. कित्येक महिने अर्ज करून झाल्यावर एका संध्याकाळी तू घरी येऊन सांगितलंस की तू ऑक्झिलरी पोलिसांत जातोयस. म्हणजे सरकारी पोलीस नव्हे, पण गणवेश असतो, अधिकार असतात, आणि बँकांची रोकड मशीनमध्ये भरायला नेणाऱ्या गाडीवर बसायचं असल्यामुळे कमरेला खरंखुरं रिव्हॉल्वर असतं. मी म्हटलं, "तुला? तुला बंदूक देणारेत? त्यांनी नागपूरला चौकशी केली का?"

तू हसला नाहीस. तुझं प्रशिक्षण चालू झालं आणि आपल्या ओळखीतले बँकवाले आणि हिशेबवाले तुला "मग, सिक्युरिटीत का सध्या?" असं विचारू लागले. तू "हो, सिक्युरिटीत" म्हणायचास आणि पुढचा पदार्थ वाढून घ्यायचास. आईंनी फोनवर विचारलं ते मात्र तुला लागलं. "रोज सकाळी पंचशील म्हणतो अन् मग बंदूक लावून जातो? पहिलंच शील जीव न घ्यायचं आहे, आठवते ना?" तू म्हणालास, "आई, काढायची नाही म्हणूनच तर देतात." ते उत्तर आईंना पटलं की नाही कोण जाणे, पण मला पटलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नसेल.

आणि मग तू रस्त्यावर खरोखर शांत झालास. हाशिम तुमची गाडी चालवायचा आणि तू शेजारी. एक्स्प्रेसवेवर कुणी मोटारसायकल आडवी घालायचा, कुणी लॉरीवाला हॉर्न दाबून धरायचा, मशीनसमोर गाडी उभी केली की मागचा माणूस खिडकीवर टकटक करून आईबापांचा उद्धार करायचा. तू खाली उतरायचास तोच मुळी तिरका. शिकवलंच तसं होतं. समोर माणूस रागावलेला असला की हत्याराची बाजू त्याच्यापासून लांब न्यायची, कोपराने झाकायची, डावा हात मोकळा ठेवायचा आणि आवाज खाली आणायचा. चूक कुणाचीही असो, आधी सॉरी. हे तू मला स्वयंपाकघरात उभं राहून करून दाखवलं होतंस. मी पोळ्या लाटत होते. तू म्हणालास, "ज्याच्याजवळ हे आहे त्याला चिडायची परवानगी नाही. एवढंच आहे सगळं."

फक्त झालं असं की ती वस्तू संध्याकाळी जमा करायची असे. ड्यूटी संपली की शस्त्रागाराच्या खिडकीत रिव्हॉल्वर द्यायचं, गोळ्या मोजून द्यायच्या आणि मोकळ्या कमरेने घरी यायचं. आणि दिवसभर न चिडलेला तू घरी येऊन चिडायचास. दारातली चप्पल वाकडी का, पंखा चालू का, मैत्रेयीचा अभ्यास का झाला नाही, भाजीत मीठ का नाही. त्या लॉरीवाल्याचं उरलेलं आम्हाला मिळायचं. एका संध्याकाळी तू टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकलास. सेल सुटून कपाटाखाली गेले. मैत्रेयीने खोलीचं दार आतून लावून घेतलं. आणि मी म्हणाले, "ती बंदूक घरी आणायची सोय असती तर बरं झालं असतं, मिलिंद. निदान घरात तरी गप्प बसला असतास."

तू विचारलंस, "म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसांना मिळतो तो मिलिंद आम्हालाही मिळाला असता."

तू वाकून कपाटाखालचे सेल काढलेस, रिमोटमध्ये घातलेस, तो चालतोय का ते बघितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाल्यावर तू चहाच्या टेबलाशी उभा राहिलास आणि म्हणालास, "आजपासून घरीही आहे असं समजतो." मला वाटलं, चेष्टा करतोयस. संध्याकाळी मैत्रेयीने सांगितलं की तिने गणिताच्या परीक्षेत दिवे लावलेत. तुझा चेहरा लाल झाला. मग तू हळूच वळलास. डावा खांदा पुढे, उजवी बाजू मागे, कोपर कमरेला. आणि खालच्या आवाजात म्हणालास, "ठीक आहे. बसून बघू या." मैत्रेयी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, पप्पाची पाठ भरून आलीय.

तेव्हापासून आपल्या घरात आवाज चढला नाही. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तुला राग यायचा, ते दिसायचं, आणि तू वळायचास. मैत्रेयीला ते इतकं पाठ झालं होतं की ती आधीच म्हणायची, "अय्यो, पप्पा टर्निंग ऑलरेडी लाह," आणि तुला हसू फुटायचं, आणि विषय तिथेच मिटायचा. मी तुझी थट्टा करायचे. हात पुसायला फडकं आणून देत म्हणायचे, "साहेब, हत्यार सांभाळा, कालवण सांडेल." तू कोपर आणखी घट्ट करायचास.

मग हळूहळू ते रागापुरतं राहिलं नाही. तुला नेहमीच तसं उभं राहायची सवय लागली. ट्रेनमध्ये उजवी बाजू दाराशेजारच्या काचेला लावून. रस्त्याने चालताना मी कायम तुझ्या डावीकडे. झोपतानाही. मैत्रेयीला पदवी मिळाली तेव्हा तू तिला जवळ घेतलंस ते डाव्या हाताने, उजवं कोपर तसंच ठेवून. ती पुटपुटली, "पप्पा हग ऑल्वेज हाफ-प्राइस." आपण सगळे हसलो. मीही हसले. आज ते आठवलं की काहीच वाटत नाही, आणि ते काहीच न वाटणं मला नको आहे.

आता त्या पार्किंगचं. त्याला किती दिवस झाले ते मोजत नाही, पण त्या आठवड्यात बाजारातून आणलेला लसूण अजून तोच चाललाय.

मैत्रेयी मरीन परेडला भाड्याच्या खोलीत राहायला जाणार म्हणून आपण एका दिवसापुरती गाडी घेतली होती. मागे तिची पुस्तकं, कपडे, ती लहानपणापासूनची उशी. पार्किंगमध्ये एक जागा रिकामी होत होती. तू दिवा लावून थांबला होतास. समोरून एक पांढरी गाडी आली आणि तिने आपल्या पुढ्यात नाक घातलं. तू साधा हॉर्न वाजवलास, तर तो माणूस खाली उतरला. टी-शर्ट घातलेला, तुझ्याहून बराच तरुण. त्याने आपल्या बॉनेटवर हात आपटला, एकदा नाही, परत परत. "यू पीपल," म्हणाला, "कम हिअर अँड डोंट नो हाउ टू ड्राइव्ह." तू दार उघडून उतरलास. मी मागून तुझा शर्ट धरायला गेले, कारण मला सीताबर्डी आठवली. आणि तू वळलास. उजवी बाजू मागे, डावा तळवा वर. "सॉरी, सर. यू टेक द लॉट."

तो जागा घेऊन मोकळा झाला. मैत्रेयी मागून ओरडली, "पप्पा, यू नो नीड टू सॉरी लाह! ही राँग व्हॉट!" तू गाडी वरच्या मजल्यावर नेलीस. आणि मी, जिने तुला शांत केलं असं मला वाटत होतं, तीच मी चिडले. मला तो बॉनेटवरचा हात सहन झाला नव्हता. मी म्हटलं, "आज तुझ्याजवळ काही नाहीये, मिलिंद. सुट्टी आहे तुझी. आज तरी बोलायचं होतंस त्याला!"

तू गाडी लावलीस. चावी हातात घेऊन बसून राहिलास. म्हणालास, "नाहीये म्हणूनच तर बघत होतो."

"काय बघत होतास?"

"की मी शांत झालोय, की नुसता घाबरतो. कमरेला असलं की चिडता येत नाही, हे भीतीने होतं. त्यात माझं काय? एखादं कुत्रंही साखळीत शांत बसतं."

"मग? आज काय निघालं?"

"कळलं नाही. कोपर आपोआप गेलं तिकडे. म्हणजे ती बंदूकच होती ना? मी कुठे होतो?"

मी म्हणाले, असला कसला विचार करतोस, माणूस शांत राहिला म्हणजे शांत राहिला. तू म्हणालास, तसं नसतं. मी म्हणाले, तसंच असतं. मैत्रेयी म्हणाली, कॅन फाइट लेटर, माय बुक्स आर हेवी. तू हसलास आणि म्हणालास, "घरी गेल्यावर बोलू." सेम्बावांगला घरी पोचेपर्यंत मी झोपले होते. मग तुझ्या ड्यूटी लागल्या, माझं ऑफिस होतं, एक रविवार लसूण सोलण्यात आणि कपडे धुण्यात गेला. बोलणं राहिलं.

म्हणून आता बोलतेय. ऐक.

हाशिम आला होता खाली. गणवेशात नव्हता, पांढऱ्या शर्टात होता, मी आधी ओळखलंच नाही. तुझ्या मिशीवाल्या फोटोला बघून तो हसला आणि मग त्याचे डोळे भरले. माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "सिस्टर, युअर हजबंड व्हेरी फनी वन, यू नो?" मी म्हटलं, फनी कसा? तर म्हणाला, रोज ड्यूटी संपली, खिडकीत गन दिली, की मिलिंद बाहेरच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहायचा. दोन्ही हात पूर्ण पसरायचा. एवढे, म्हणून त्याने करून दाखवलं, शेजारच्या बाईला त्याचा हात लागला. असे हात पसरून जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यायचा आणि म्हणायचा, "फिनिश. नाउ आय गो होम." सगळे वाट बघायचे म्हणे त्याची. नवे लोकही करायला लागले होते.

मला हे माहीतच नव्हतं, मिलिंद. तू रोज तिथे मोकळा व्हायचास. मग ट्रेन धरायचास, सेम्बावांगला उतरायचास, लिफ्टने वर यायचास, आणि आपल्या दारात वाकून बूट काढता काढता पुन्हा कमरेला चढवायचास. जी नव्हतीच ती. आमच्यासाठी. ती जमा करायला आमच्या घरात खिडकी नव्हती.

बंदूक घरी आणायचं माझं ते वाक्य मी परत घेत नाही. रिमोट भिंतीवर आपटणाऱ्या माणसाबरोबर मैत्रेयी वाढली असती तर ती खाली तुझ्याजवळ एवढा वेळ उभी राहिली नसती. तू जे केलंस ते आमच्यासाठी चांगलंच केलंस आणि त्यासाठी मी तुझी आभारी आहे. हे इतकं औपचारिक वाक्य तुला ऐकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण मला एवढं म्हणायचं होतं की आता पुरे, ठेव ती खाली, आम्ही तुला घाबरत नाही. हे गेल्या वर्षीसुद्धा म्हणता आलं असतं. चांगलं चाललं होतं, म्हणून सुचलं नाही.

मंडाईच्या दहनभूमीत न्यायच्या आधी भंतेजींनी त्रिसरण आणि पंचशील दिलं. सगळे मागून म्हणत होते. पहिल्या शीलाला माझा आवाज आला नाही, बाकीच्या चार शीलांना आला. मग झाकण लावण्यापूर्वी जवळच्यांनी बघून घ्या म्हणाले. मैत्रेयी गेली, तिने तुझ्या कपाळाला हात लावला. मग मी. पाय सवयीने तुझ्या डावीकडे गेले. इतकी वर्षं तीच माझी जागा.

मी थांबले. शवपेटीला वळसा घालून पलीकडे गेले. त्या व्यवस्था बघणाऱ्या माणसाला वाटलं मी चुकले, तो हळूच "मॅडम" म्हणाला. तुझ्या उजव्या बाजूला मी कधी उभी राहिले होते, मला आठवेना. तिकडून तू वेगळा दिसत होतास, कानाजवळ एक तीळ आहे तुला, तो मी विसरून गेले होते. तुझं कोपर कमरेला चिकटलेलंच होतं. त्यांनी ठेवलं होतं तसं, की तूच ठेवलं होतंस, कोण सांगणार. मी कोपर आणि कमर यांच्यामध्ये हात घातला. जड होतं, पण सरकलं थोडं. हात आत गेला.

चाचपून बघितलं मी नीट.

तिथे काहीच नव्हतं, मिलिंद. घरात कधीच नव्हतं, त्या पार्किंगमध्येही नव्हतं. तूच होतास.